वाचता येणे आणि अक्षर दिसणे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाची संहिता)

ज्याचे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले, त्याने मुलांच्या वाचनावर बोलायला उभे राहावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न हाच आहे, की साधन मर्यादित असताना ते कोठे खर्च करावे आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो. माणसाचे अवधान हेही असेच एक मर्यादित साधन आहे. वाचणारे मूल ते कशावर खर्च करते, हा आजचा विषय. त्यातून निघणारा निष्कर्ष शाळेच्या चार भिंतींपुरता राहत नाही, म्हणूनच तो येथे मांडतो आहे.

आपल्या साप्ताहिकाशी ज्यांचा जवळचा संबंध आला आहे, त्यांना मुद्रितशोधनाचे काम किती कष्टाचे असते ते ठाऊक आहे. लेखकाने स्वतःचा लेख तीनदा वाचला तरी त्यातली चूक त्याला दिसत नाही, आणि अंक हाती पडताच तीच चूक एखाद्या वाचकाच्या डोळ्यांत भरते. म्हणून चांगल्या छापखान्यांत एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून तपासायचे, अशी पद्धत पडली. ज्याला उत्तम वाचता येते त्याचीच नजर अक्षरावरून घसरते. या अनुभवामागे वाचनक्रियेचे एक रहस्य दडलेले आहे आणि मानसशास्त्रज्ञांनी गेली साठ वर्षे त्याचा पद्धतशीर शोध घेतला आहे.

प्रयोग अगदी साधा आहे. वाचकाला एक उतारा द्यायचा आणि सांगायचे, की अर्थ समजून नेहमीसारखे वाचा, मात्र अमुक एक अक्षर दिसले की त्याभोवती गोल करा. १९६६ मध्ये कॉर्कोरन यांनी इंग्रजी उताऱ्यांवर हा प्रयोग केला, तेव्हा उच्चारात न येणारा ‘ई’ लोकांच्या नजरेतून अधिक वेळा सुटतो असे आढळले. १९७६ मध्ये ॲलिस हीली या संशोधक बाईंनी ‘टी’ हे अक्षर शोधायला लावले. इंग्रजीत ‘द’ हा शब्द ‘टी’, ‘एच’, ‘ई’ अशा तीन अक्षरांचा असतो आणि तो जवळजवळ प्रत्येक ओळीत येतो. इतर शब्दांतला ‘टी’ लोकांनी बऱ्यापैकी टिपला, पण ‘द’ मधला मात्र फार मोठ्या प्रमाणावर सोडला. सर्वांत परिचित शब्द, आणि त्याच शब्दातले अक्षर दिसेना! पुढे हीली आणि ड्रेव्हनोव्स्की यांना ‘आणि’ या अर्थाच्या ‘अँड’ शब्दाबाबतही हेच आढळले. या घटनेला ‘अक्षर निसटण्याचा परिणाम’ असे आपण म्हणू.

कोणी म्हणेल, असे छोटे शब्द डोळा ओलांडून जातो, त्यात विशेष ते काय? ही शंका संशोधकांनाही आली होती. त्यांनी पडद्यावर एका वेळी एकच शब्द, एकाच जागी, सारखाच वेळ दाखवून पाहिले. डोळ्याला ओलांडून जायला वावच ठेवला नाही. तरीही ‘द’ मधले अक्षर इतर शब्दांतल्या अक्षरापेक्षा अधिक निसटले. म्हणजे जे घडते ते डोळ्याच्या हालचालीवर सोपवून मोकळे होता येत नाही. त्याचा संबंध मनाच्या व्यवहाराशी आहे.

आता मुलांकडे वळू. १९७८ मध्ये ड्रेव्हनोव्स्की यांनी हाच शोध शाळकरी मुलांपर्यंत नेला. १९९८ मध्ये ग्रीनबर्ग, कोरियात आणि व्हेलुटिनो यांनी, आणि २००५ मध्ये कॅनडातील सेंत-ओबँ, क्लाइन आणि लाँद्री यांनी वेगवेगळ्या वयाच्या मुलांवर त्याची पुन्हा तपासणी केली. २००८ मध्ये सेंत-ओबँ आणि क्लाइन यांनी प्राथमिक शाळेतील मुलांच्या वाचनकौशल्याशी त्याचा संबंध तपासला. या साऱ्यांतून निघणारी दिशा एकच आहे. मूल जसजसे वाचनात तरबेज होते, तसतसा हा परिणाम त्याच्यात वाढत जातो. जे मूल अजून चाचपडत वाचते, त्याला ‘द’ मधला ‘टी’ आणि इतर शब्दांतला ‘टी’ यांत फारसा फरक पडत नाही. ते दोन्ही अक्षरे सारख्याच कष्टाने गाठते. चांगल्या वाचकाला मात्र विरळ शब्दातले अक्षर दिसते आणि नेहमीच्या शब्दातले दिसत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. किती अक्षरे एकूण सुटली, याला येथे महत्त्व नाही. कंटाळलेले मूल सगळीकडचीच अक्षरे सोडील. महत्त्व आहे ते फरकाला: वारंवार येणाऱ्या, वाक्य जोडण्याचे काम करणाऱ्या शब्दांत किती अक्षरे सुटली आणि अर्थाचा भार वाहणाऱ्या शब्दांत किती सुटली, याला. हा फरक म्हणजे मूल वाचनाच्या कोणत्या पायरीवर आहे, याची एक खूण होय.

असे का घडावे? हीली यांचे उत्तर असे, की वारंवार पाहिलेला शब्द मनात एकसंध घटक म्हणून रुजतो. तो ओळखला जाताच मन पुढे सरकते. त्याच्या एकेका अक्षराची दखल जाणिवेपर्यंत पोहोचतच नाही. इस्रायलमधील कोरियात आणि त्यांचे सहकारी ग्रीनबर्ग यांनी दुसरी बाजू मांडली. त्यांच्या मते असे शब्द वाक्याचा सांगाडा उभारतात. सांगाडा उभा राहिला की अवधान आशयाकडे वळते आणि सांगाडा मागे पडतो. हिब्रू भाषेत ‘ला’, ‘मध्ये’ अशा अर्थांची कामे शब्दाच्या आरंभी जोडलेले एकच अक्षर करते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिब्रूवरील अभ्यासात हे जोडअक्षर वाचकांकडून अधिक निसटले. तेच अक्षर मूळ शब्दाचा भाग असताना कमी निसटले. आपल्या विभक्तिप्रत्ययांशी या रचनेचे असलेले नाते आपल्या लक्षात आलेच असेल. पुढे या दोन्ही मतांचा मेळ घालणारी मांडणीही झाली: अवधान ज्या शब्दावरून लवकर सुटते, त्या शब्दातले अक्षर निसटते.

याच काळात, १९७४ मध्ये, अमेरिकेतील लाबर्ज आणि सॅम्युअल्स यांनी वाचनाचा विचार अवधानाच्या जमाखर्चाच्या रूपात मांडला होता. अक्षर ओळखण्यावरच ज्याचे सगळे अवधान खर्ची पडते, त्याच्या हाती अर्थासाठी काही उरत नाही. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत ओळीचा आरंभ तो विसरलेला असतो. सरावाने अक्षरओळख आपोआप होऊ लागली की अवधान मोकळे होते आणि मोकळे झालेले अवधान आशयाकडे वळते. रोजच्या मजुरीतून पोट जेमतेम भरणाऱ्या कुटुंबाकडे शिल्लक पडत नाही आणि म्हणून गुंतवणूकही होत नाही. चाचपडत वाचणाऱ्या मुलाची स्थिती नेमकी तशी असते. त्याची सारी मिळकत अक्षरांच्या हातातोंडाच्या गाठीत संपते. अर्थ, शंका, कल्पना, प्रतिवाद ही शिलकेतून येणारी संपत्ती आहे.

येथवर ऐकून कोणी घाईने असा निष्कर्ष काढील, की चांगल्या वाचकाला अक्षरे दिसतच नसतील तर मुलांना अक्षरे शिकवण्याचा खटाटोप कशाला? सरळ शब्द आणि वाक्ये दाखवा! हा मोह जुना आहे. १८८६ मध्ये कॅटेल यांनी लाइपझिग येथे केलेल्या कामातून दिसले होते, की सुट्या अक्षरांच्या मानाने शब्द मन फार लवकर टिपते. अशा निष्कर्षांचा आधार घेऊन अमेरिकेत संपूर्ण शब्द दाखवून शिकवण्याची पद्धत पुढे पसरली आणि १९५५ मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांनी तिच्यावर घणाघाती पुस्तक लिहिल्यापासून तेथील वाद अनेक दशके धुमसत राहिला. १९६७ मध्ये जीन चॉल यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन अक्षर व ध्वनी यांचे नाते आरंभीच शिकवण्याच्या बाजूने कौल दिला. २००० साली तेथील राष्ट्रीय वाचन समितीही त्याच निष्कर्षावर आली.

प्रौढाच्या सवयीवरून बालकाचा अभ्यासक्रम ठरवणे ही तर्कदुष्टता आहे. सायकल सफाईने चालवणारा माणूस तोलाचा विचार करीत नाही. म्हणून शिकणाऱ्याला तोल सांभाळायला शिकवू नये, असे कोणी म्हणत नाही. शिवाय चांगला वाचक अक्षरे गाळतो, हे म्हणणेही खरे नाही. १९६९ मध्ये रायशर यांनी दाखवून दिले, की क्षणभर दिसलेल्या शब्दातले अक्षर त्याच अक्षराच्या सुट्या रूपापेक्षा अधिक अचूक ओळखले जाते. म्हणजे अक्षर मनापर्यंत पोहोचते. आपण ते पाहिले, याची वेगळी नोंद तेवढी राहत नाही. अक्षर अदृश्य होते ते अगोदर हजारो वेळा दिसल्यामुळे. ही प्रभुत्वाची खूण आहे, आणि प्रभुत्वाला आडवाट नसते.

आपल्या लिपीत ही वाट आणखी लांब आहे. इंग्रजीचे मूल सव्वीस अक्षरांशी झगडते आणि त्यांच्या लहरी उच्चारांशी. देवनागरीत उच्चाराची लहर कमी, परंतु चिन्हांची संख्या मोठी. मूळ वर्ण, बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून मुलाला काही शेकडे आकृती ओळखाव्या लागतात. ‘कि’ मध्ये वेलांटी लिहिली जाते आधी आणि तिचा उच्चार होतो नंतर. ‘धर्म’ मधला रफार उच्चारला जातो ‘म’ च्या आधी आणि बसतो ‘म’ च्या डोक्यावर. ‘प्र’, ‘र्क’, ‘ट्र’ यांत एकच ‘र’ तीन वेश धारण करतो. अशाच घडणीच्या कन्नड लिपीवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसून आले, की मुलांची अक्षरओळख पहिल्या एकदोन वर्षांत पूर्ण होत नाही. ती पुढच्या इयत्तांतही चालूच राहते. आपली पाठ्यपुस्तके मात्र दुसरीनंतर असे गृहीत धरून चालतात, की अक्षरांचा प्रश्न मिटला. ज्या घरात पुस्तक आहे तेथे तो मिटतोही. जेथे नाही, तेथे मूल तिसरीत आणि चौथीत बसून असते आणि ‘ष्ट्र’ पाशी अडखळते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात ‘असर’ ही पाहणी होत आली आहे. घरी जाऊन मुलासमोर एक कागद धरायचा: त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०१८ मध्ये तिसरीतील २७.३ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले. पाचवीतील मुलांचे प्रमाण याच काळात ५०.५ वरून ४२.८ टक्क्यांवर घसरले. २०२४ च्या पाहणीत सुधारणा दिसली. सरकारी शाळांतील तिसरीचे प्रमाण २३.४ टक्क्यांपर्यंत चढले. सुधारणेचे स्वागत करू. पण सरकारी शाळेच्या तिसरीतील चार मुलांपैकी तिघांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, हा त्या आकड्याचा दुसरा अर्थही विसरू नये.

या मुलांना अक्षरे मुळीच ठाऊक नाहीत, असे मात्र नव्हे. त्यांच्यापैकी अनेकांना अक्षरे येतात, काहींना शब्दही येतात. ती अडली आहेत ती अक्षर ‘दिसणे’ आणि अक्षर ‘विरून जाणे’ यांमधल्या टप्प्यावर. आपल्या जनगणनेत सात वर्षे वा त्याहून मोठ्या ज्या व्यक्तीला कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येते, ती साक्षर धरली जाते, आणि हे ठरते घरच्यांनी दिलेल्या उत्तरावरून. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के नोंदली गेली. त्या आकड्याच्या पोटात सराईत वाचक आणि पाटी पुसता पुसता अक्षर आठवणारा, दोघेही एकाच रकान्यात बसलेले आहेत. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने गावेच्या गावे साक्षर करण्याचे मोठे काम केले. परंतु साक्षर झालेला माणूस वाचनाअभावी पुन्हा निरक्षरतेकडे घसरतो, ही चिंता अशा प्रत्येक मोहिमेला सतावत राहिली. अक्षर ओळखीचे झाले पण सवयीचे झाले नाही, तर ते टिकत नाही.

अक्षर सवयीचे होते ते सरावाने, आणि सरावासाठी लागतो वाचायला मजकूर आणि मोकळा वेळ. येथे विषय पुन्हा माझ्या शास्त्राच्या अंगणात येतो. १९८६ मध्ये कीथ स्टॅनोविच यांनी वाचनाच्या बाबतीत एक मार्मिक विवेचन केले. ज्याला आरंभी बरे वाचता येते तो अधिक वाचतो; अधिक वाचतो म्हणून त्याचा शब्दसंग्रह वाढतो; शब्दसंग्रह वाढतो म्हणून त्याला आणखी सहज वाचता येते. ज्याला कष्ट पडतात तो वाचन टाळतो आणि मागे पडत जातो. ज्याच्यापाशी आहे त्याला आणखी मिळेल, या बायबलमधील आशयावरून याला मॅथ्यूचा परिणाम असे नाव पडले. चक्रवाढ व्याजाचाच हा हिशेब आहे. भांडवल असलेल्याला व्याज मिळते आणि नसलेल्याला ते भरावे लागते. शाळेची घंटा सर्वांसाठी एकाच वेळी वाजते, म्हणून शिक्षणात समान संधी आहे असे समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर निघालेल्या मुलाचे काही महिने बुडाले, की त्याचे केवळ धडे बुडत नाहीत, सवय मोडते. आणि सवय मोडली की अक्षर पुन्हा डोळ्यांपुढे ठाण मांडून बसते.

सरकारलाही या प्रश्नाची जाणीव झाली आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेने तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत, असे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्टात ‘समजून’ हा शब्द आहे. परंतु समज मोजायला अवघड आणि शब्द मोजायला सोपे. म्हणून वरिष्ठांकडे पाठवायच्या तक्त्यात शब्दांचीच संख्या उरण्याचा धोका असतो. ज्या मुलाने एकच उतारा वीस वेळा घोकला, तेही घड्याळाला हरवील. वेग हे सहजतेचे फळ आहे. फळ झाडाला बाहेरून बांधता येत नाही.

तेव्हा आपण काय करावे? मी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, आपण ज्या वस्त्यांत काम करतो तेथील मुलांचे वाचन स्वतः ऐकावे. वाटल्यास वर सांगितलेला प्रयोग खेळ म्हणून करावा. मुलाच्या पातळीचा एक उतारा घ्यावा, त्यातील प्रत्येक ‘ण’ भोवती गोल करायला सांगावे आणि मग गोष्टीत काय घडले ते विचारावे. ‘आणि’ मधला ‘ण’ सुटला, ‘पाणी’, ‘हरिण’ यांतला सापडला आणि गोष्टही नीट सांगता आली, तर त्या मुलाला रागावू नये. त्याची गाडी बहुधा रुळावर आहे. सगळे ‘ण’ सापडले आणि गोष्ट मात्र सांगता आली नाही, तर त्या मुलाला आपली गरज आहे. एका खेळावरून मुलावर शिक्का मात्र मारू नये.

दुसरी गोष्ट, अक्षर शिकवण्यात कुचराई नको. बाराखडी आणि जोडाक्षरे जुनाट म्हणून टाकून देणारा उत्साह सुशिक्षितांच्या मुलांना परवडतो, कारण त्यांची आई ती घरी शिकवते. ज्याच्या घरी शिकवणारे कोणी नाही, त्याचा आधार शाळाच. मात्र अक्षर शिकवून थांबू नये. तिसरीचौथीतही जोडाक्षरांना वेळ द्यावा आणि प्रत्येक शिकलेल्या अक्षरामागे वाचायला भरपूर, सोपा, गोडी लावणारा मजकूर हवा.

तिसरी गोष्ट, हा मजकूर मिळवण्याची. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. आपल्या गावच्या ग्रंथालयाला अनुदान मिळत असेल, तर त्यात लहान मुलांचे कपाट आहे का, त्याची किल्ली कोणाकडे असते, आणि ते संध्याकाळी मुलांना उघडे मिळते का, एवढे तीन प्रश्न जाऊन विचारा. शाळेत आलेली पुस्तके फाटतील म्हणून कुलपात ठेवली असतील, तर मुख्याध्यापकांशी बोला. फाटलेले पुस्तक हे वाचलेले पुस्तक असते. ग्रामसभेत रस्ता आणि नळ यांबरोबर हाही विषय निघाला पाहिजे.

मित्रहो, अक्षर डोळ्यांपुढून नाहीसे व्हावे आणि त्यामागचा अर्थ दिसू लागावा, यासाठी माणूस वाचायला शिकतो. सातबारावरची नोंद, मजुरीचा हिशेब, सहीसाठी पुढे केलेला करार आणि निवडणुकीचा जाहीरनामा वाचताना ज्याचे सारे अवधान अक्षरांवरच संपते, त्याला त्यात काय लिहिले आहे हे दुसऱ्याला विचारावे लागते, आणि सांगणारा जे सांगेल ते मानावे लागते. प्रत्येक मुलाला या परावलंबनातून सोडवणे हे शिक्षकाचे काम आहेच. ते आपलेही आहे.